पावलं मोजणारे गुरुजी : पंडित नैनसिंह रावत



या वेळच्या भित्तिपत्रकाचा विषय थोर व्यक्तींची चरित्रे हा आहे. पुष्कळ मुलांनी राजे आणि पुढारी घेतले आहेत. मी एक गुप्तहेर घेतला आहे. गुप्तहेर म्हटलं की आपल्याला लगेच बहिर्जी नाईक आठवतात. ते शिवाजी महाराजांचे हेर होते. त्यांची माहिती आपल्या गावात लहान पोरालासुद्धा आहे. म्हणून मी दुसरे घेतले. त्यांचे नाव पंडित नैनसिंह रावत. ते आपल्या गावासारख्याच एका खेड्यातल्या शाळेत गुरुजी होते. त्यांनी हातात तलवार घेतली नाही की बंदूक घेतली नाही. त्यांचे दोन पाय आणि एक माळ एवढ्यावरच त्यांनी हेरगिरी केली. आमच्या गुरुजींनी मला त्यांची माहिती दिली आणि नकाशावर सगळी ठिकाणं दाखवली. आता मी ती गोष्ट तुम्हाला सांगतो.

जन्म व लहानपण

नैनसिंह यांचा जन्म १८३० साली झाला. त्यांचे गाव मिलम. हे गाव हिमालयात आहे. आज ते उत्तराखंड राज्याच्या पिथोरागढ जिल्ह्यात येते. गाव फार उंचावर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी मिलम त्याहून थोडे वरच राहील. गावाजवळ बर्फाची मोठी हिमनदी आहे. थंडीत तिथे राहवत नाही. म्हणून सगळे लोक दिवाळीच्या सुमारास गुरंढोरं घेऊन खाली उतरत आणि उन्हाळ्यात परत वर जात. आपल्याकडे धनगर मेंढरं घेऊन फिरतात तसंच.

त्यांच्या वडिलांचे नाव अमरसिंह. घरची गरिबी होती. तिथले लोक डोंगराच्या खिंडी ओलांडून तिबेटात व्यापाराला जात. धान्य, कापड न्यायचं आणि मीठ, लोकर आणायची. माल मेंढ्यांच्या आणि याकच्या पाठीवर लादायचा. याक म्हणजे लांब केसांचा बैलासारखा प्राणी. नैनसिंह तरुणपणी या कामात तिबेटात जात. त्यामुळे त्यांना तिबेटी भाषा आणि तिथल्या चालीरीती कळू लागल्या. पुढे या भाषेनेच त्यांचा जीव वाचवला.

१८५५ साली श्लागिंटवाइट नावाचे जर्मन भाऊ हिमालयाचा अभ्यास करायला आले. नैनसिंह त्यांच्याबरोबर कामाला राहिले. त्या वेळी ते मानसरोवर आणि लडाखकडे फिरले. होकायंत्र आणि थर्मामीटर कसे वापरायचे हे त्यांनी तिथे पाहिले. नंतर ते आपल्या मिलमच्या शाळेत मुख्य गुरुजी झाले. तेव्हापासून लोक त्यांना पंडित म्हणू लागले. तिथे पंडित म्हणजे शिकवणारा, जसे आपण गुरुजी म्हणतो.

नकाशातली कोरी जागा

आमच्या वर्गात भिंतीवर आशियाचा नकाशा टांगला आहे. त्यात तिबेट, ल्हासा शहर, नद्या, सरोवरं सगळं छापलेलं आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या नकाशात तिबेटची बरीचशी जागा नुसती पांढरी होती. ल्हासा नक्की कुठे आहे, किती उंच आहे हेसुद्धा त्यांना पक्कं माहीत नव्हतं. तिबेटातून वाहणारी त्सांगपो नदी आणि आसामातली ब्रह्मपुत्रा एकच आहे का, यावर वाद चालत असे.

तेव्हा भारतावर इंग्रजांचं राज्य होतं. उत्तरेकडून रशियाचं राज्य वाढत चाललं होतं. मधला मुलुख कसा आहे, वाटा कुठे आहेत, हे इंग्रजांना जाणून घ्यायचं होतं. पण तिबेटात गोऱ्या माणसाला येऊ देत नसत. आज मोजायला येतील आणि उद्या सैन्य घेऊन येतील, अशी भीती तिथल्या लोकांना होती. चोरून जाणाऱ्याला पकडत आणि परत पाठवत. कधी कधी जिवावरही बेतायचं.

भारताची मोजणी करणारं एक मोठं सरकारी खातं डेहराडूनला होतं. एव्हरेस्ट हे जगातलं सर्वांत उंच शिखर आहे हे याच खात्याने शोधलं. तिथे कॅप्टन माँटगोमरी नावाचे अधिकारी होते. त्यांनी एक युक्ती काढली. गोरा माणूस जाऊ शकत नाही, तर हिंदी माणूस पाठवू. तो व्यापारी किंवा यात्रेकरू म्हणून जाईल आणि गुपचूप मोजणी करून येईल. १८६३ साली त्यांनी महंमद हमीद नावाचा एक माणूस यारकंदला पाठवला. तो पोचला, पण परत येताना वाटेत मेला. त्याच्या नोंदी मात्र हाती आल्या. म्हणजे हे काम किती धोक्याचं होतं ते बघा.

मग तिबेटासाठी माणूस शोधू लागले. शिक्षणखात्यातल्या एका अधिकाऱ्याने नैनसिंहांचं नाव सुचवलं. १८६३ साली नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मानीसिंह डेहराडूनला गेले. शाळेतले गुरुजी पुन्हा विद्यार्थी झाले.

डेहराडूनची शिकवण

तिथे त्यांना सुमारे दोन वर्षं शिकवलं. दिशा कशी बघायची, ताऱ्यांवरून जागा कशी काढायची हे शिकवलं. पण सगळ्यांत अवघड होतं चालायला शिकणं. तुम्ही म्हणाल, चालायला काय शिकायचं? पण ऐका. त्यांना प्रत्येक पाऊल सारख्याच मापाचं टाकायला शिकवलं. चढ असो, उतार असो, चिखल असो, पाऊल तेवढंच. सुमारे साडेएकतीस इंच. अशा २,००० पावलांचा एक मैल होतो. एक मैल म्हणजे जवळजवळ १.६ किलोमीटर.

आता एवढी पावलं लक्षात कशी ठेवायची? त्यासाठी माळ होती. आमच्या आज्जीच्या तुळशीच्या माळेत १०८ मणी आहेत. मी मोजून पाहिले. तिबेटातल्या लोकांच्या माळेतही १०८ मणी असतात. पण नैनसिंहांच्या माळेत मुद्दाम १०० मणी ओवले होते. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. दर दहावा मणी मोठा, रुद्राक्षाचा होता. मोठा मणी आला की हजार पावलं झाली. पूर्ण माळ झाली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. बघणाऱ्याला वाटे की हा देवमाणूस नामस्मरण करतो आहे. आठ मणी कमी आहेत हे कोण मोजतो?

तिबेटी लोक हातात एक छोटं चक्र फिरवतात. त्याला दांडी असते आणि आत मंत्र लिहिलेल्या कागदाची गुंडाळी असते. नैनसिंहांच्या चक्रात मंत्राच्या जागी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या होत्या. पावलांचे आकडे आणि दिशा ते त्यावर लिहीत. रस्त्यात कुणी गप्पा मारायला जवळ आलं की ते चक्र जोरात फिरवू लागत. देवाच्या ध्यानात असलेल्या माणसाशी तिकडे कुणी बोलत नाही. त्यामुळे त्यांची मोजणी मोडत नसे.

आणखी गमती ऐका. त्यांच्या पेटीला चोरकप्पा होता. त्यात ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र लपवलं होतं. पारा त्यांनी कवड्यांमध्ये भरून वर मेणाने बंद केला होता. कवड्या म्हणजे आपल्याकडे भुत्यांच्या गळ्यातल्या माळेत असतात त्या. रात्री सगळे झोपले की ते पारा वाटीत ओतत. पारा आरशासारखा सपाट आणि चकचकीत होतो. त्यात ताऱ्याचं प्रतिबिंब बघून यंत्राने मोजणी करत. त्यावरून ते ठिकाण पृथ्वीवर उत्तरेला किती आहे, म्हणजे अक्षांश किती, ते कळतं.

उंची मोजायला ते पाणी उकळत. हे मला आधी समजलं नाही. गुरुजींनी सांगितलं की समुद्राकाठी पाणी १०० अंशाला उकळतं. आपण जसजसं उंच जाऊ तशी हवा विरळ होते आणि पाणी कमी अंशाला उकळतं. म्हणून चहाच्या भांड्यात थर्मामीटर बुडवला की डोंगराची उंची काढता येते. बाकीच्यांना वाटे की हा नुसता चहा करतोय.

त्यांना कागदोपत्री खरं नाव नव्हतं. त्यांना नुसतं पंडित म्हणत, किंवा पहिला नंबर म्हणत.

आम्ही करून पाहिलं

हे वाचून आम्ही चार मुलांनी घरापासून शाळेपर्यंत पावलं मोजायचं ठरवलं. गुरुजींनी आधी मैदानात चुन्याने रेघा मारून दिल्या आणि सारखं पाऊल टाकायचा सराव करायला लावला. मग आम्ही मारुतीच्या देवळापासून शाळेच्या फाटकापर्यंत चाललो. माझी ६४० पावलं भरली. माझ्या मित्राची ७०० च्या वर भरली, कारण तो बुटका आहे. ओढ्याजवळ उतार आला की पाऊल आपोआप लांब पडतं आणि चढ आला की आखूड पडतं. मधेच कुणी हाक मारली की आकडा विसरायला होतो. आमचं अंतर एवढंसं होतं तरी पाय आखडले. मग जो माणूस बर्फातून, वाऱ्यातून, भीत भीत महिनेच्या महिने मोजत चालला, तो केवढा मोठा असेल!

पहिला प्रवास

१८६५ च्या जानेवारीत दोघे भाऊ डेहराडूनहून निघाले. ते नेपाळात काठमांडूला गेले आणि तिथून केरुंगच्या वाटेने तिबेटात शिरू लागले. आपण घोडे विकत घ्यायला चाललेले व्यापारी आहोत असं त्यांनी सांगितलं. पण सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांना ते खरं वाटलं नाही. व्यापारी या वाटेने कशाला येतील, आणि तेही या हंगामात? पेटी उघडून झडती घेतली. चोरकप्पा काही सापडला नाही. पण दोघांना परत पाठवलं.

मग दोघे वेगळे झाले. मानीसिंहांची तब्येत बरी नव्हती. ते दुसऱ्या वाटेने घरी परतले. नैनसिंहांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी लडाखी माणसाचा वेष घेतला. डोक्याला खोटी वेणी लावली. एका व्यापाऱ्याने बरोबर नेतो म्हणून त्यांच्याकडून पैसे घेतले आणि फसवलं. तरी ते पुन्हा निघाले. या खेपेला अधिकाऱ्यांनी त्यांना सोडलं, पण ल्हासाला जाणार नाही, गेलो तर माझा जीव घ्यावा, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. नैनसिंहांनी लिहून दिलं आणि ते ल्हासाकडेच चालू लागले.

पुढे त्यांना लडाखच्या व्यापाऱ्यांचा तांडा भेटला. त्यांच्याबरोबर ते त्सांगपो नदीच्या कडेने चालले. एका ठिकाणी बाकीची बरीच माणसं नावेत बसून गेली. चालून चालून पाय दुखलेल्या माणसाला नाव किती बरी वाटली असती! पण नावेत बसलं तर पावलं कशी मोजणार? म्हणून नैनसिंह काठाने पायीच गेले.

१८६५ च्या ऑक्टोबरअखेर ते शिगात्से गावी पोचले. तिथे ताशिल्हुन्पो नावाचा फार मोठा मठ आहे. तिथल्या मुख्य लामांना पंचेन लामा म्हणतात. बरोबरचे लोक दर्शनाला निघाले, तेव्हा नैनसिंहांनाही जावं लागलं. लामांना दुसऱ्याच्या मनातलं सगळं कळतं असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. त्यामुळे ते मनातून घाबरले. आता आपलं बिंग फुटणार असं त्यांना वाटलं. आत जाऊन बघतात तर पंचेन लामा म्हणजे दहा-अकरा वर्षांचा मुलगा! माझ्याएवढा किंवा थोडासा मोठा. त्याने सगळ्यांना विचारतात तसे तीन साधे प्रश्न विचारले आणि चहा दिला. नैनसिंहांचा जीव भांड्यात पडला.

ल्हासा शहरात

१८६६ सालच्या १० जानेवारीला ते ल्हासाला पोचले. ल्हासा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे टेकडीवर पोताला नावाचा भव्य राजवाडा आहे. दलाई लामा तेव्हा तिथे राहत. नैनसिंहांनी धर्मशाळेत खोली घेतली. दिवसा ते यात्रेकरूसारखे फिरत आणि रात्री तारे मोजत. त्यांनी दलाई लामांचंही दर्शन घेतलं.

त्यांच्याजवळचे पैसे संपत आले होते. मग त्यांनी काय केलं असेल? त्यांनी शिकवणी घेतली! प्रवासात नेपाळी दुकानदारांना आपल्या पद्धतीने हिशोब करायला शिकवून त्यांनी थोडे रुपये मिळवले. हेर झाले तरी ते गुरुजीच राहिले. हा भाग मला फार आवडला.

पण ल्हासात धोका होता. काश्मीरकडून येऊन तिथे राहिलेल्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचं सोंग ओळखलं. नैनसिंहांनी मग त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. त्या दोघांना वाटलं असतं तर ते त्यांना पकडून देऊ शकले असते. पण त्यांनी गुपित राखलं. उलट नैनसिंहांचं घड्याळ गहाण ठेवून घेऊन त्यांना पैसे उसने दिले.

एकदा त्यांनी भर रस्त्यात केरुंगचा अधिकारी पाहिला. ज्याच्या गावात त्यांनी ल्हासाला जाणार नाही असं लिहून दिलं होतं तोच! त्याच सुमारास परवानगीशिवाय शहरात आलेल्या एका माणसाचं डोकं सर्वांसमोर उडवलेलं त्यांनी पाहिलं. तेव्हापासून ते बाहेर फारसे पडेनासे झाले. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना घर आठवत असेल का? मला वाटतं आठवत असेल.

२१ एप्रिलला ते तांड्याबरोबर ल्हासाहून निघाले. परतीच्या वाटेवरही मोजणी चालूच होती. नदीच्या कडेकडेने ते मानसरोवरापर्यंत आले आणि मग हिमालय ओलांडून भारतात उतरले. ऑक्टोबर १८६६ मध्ये ते डेहराडूनला पोचले. जवळजवळ एकवीस महिने झाले होते.

त्यांनी एकूण २५ लाख पावलं मोजली होती. आता गणित करू. २५ लाखाला २,००० ने भागलं की १,२५० येतात. म्हणजे १,२५० मैल, जवळजवळ २,००० किलोमीटर. माळेत सांगायचं तर २५० माळा. त्यांनी ३१ ठिकाणांचे अक्षांश काढले. ल्हासाचा त्यांनी काढलेला अक्षांश आजच्या मोजणीशी जवळजवळ जुळतो. आज मोजायला विमानं आणि उपग्रह आहेत. त्यांच्याकडे कवडीतला पारा होता.

सोन्याच्या खाणी

१८६७ साली ते दुसऱ्यांदा गेले. बरोबर मानीसिंह आणि कल्याणसिंह होते. या वेळी बद्रीनाथजवळच्या माणा खिंडीतून ते गेले. पोवळी विकणारे व्यापारी असं सोंग घेतलं. तिबेटात ठोक जालुंग नावाच्या सोन्याच्या खाणी आहेत असं ऐकलं होतं. त्या त्यांनी शोधल्या. ही जागा १६,००० फुटांपेक्षा उंच आहे. म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक! तिथे वारा एवढा झोंबतो की खाणकामगार जमिनीत सात-आठ फूट खोल खड्डा खणून त्यावर तंबू लावत. झोपताना ते आडवे होत नसत. गुडघे आणि कोपरं टेकून, पाठीवर सगळे कपडे घेऊन पालथे झोपत. सोनं काढणारी माणसं, पण त्यांना नीट झोपही मिळत नव्हती.

शेवटचा मोठा प्रवास

१८७४ च्या जुलैत ते लडाखातल्या लेह गावाहून पुन्हा ल्हासाला निघाले. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. या वेळी भिक्षूचा वेष घेतला आणि सामान मेंढ्यांच्या पाठीवर लादलं. मेंढ्या वाटेतलं गवत खात चालत. त्यामुळे चाऱ्याचा खर्च नाही. उत्तरेकडच्या उजाड पठारावरून ते चालले. तिथे मोठमोठी सरोवरं आहेत. त्यांतली कितीतरी तोपर्यंत नकाशात नव्हती. ती त्यांनी नकाशात आणली. सव्वीस मेंढ्यांपैकी थोड्याच ल्हासापर्यंत पोचल्या. बाकीच्या बिचाऱ्या वाटेत गेल्या.

नोव्हेंबरात ते ल्हासाला पोचले. पण ओळखीचं माणूस दिसलं आणि कुजबुज सुरू झाली. म्हणून दोन दिवसांतच ते तिथून निघाले. त्सांगपो नदी ओलांडून ते दक्षिणेकडे तवांगला आले. तिथे त्यांना सुमारे दोन महिने अडकवून ठेवलं. शेवटी १ मार्च १८७५ ला ते आसामात उदालगुरीला पोचले. हा प्रवास तेराशे मैलांच्या वर झाला.

या प्रवासानंतर त्यांची तब्येत खालावली. बर्फावरच्या उन्हाने आणि रात्री रात्री ताऱ्यांकडे यंत्रातून बघून डोळे अधू झाले. मग त्यांनी स्वतः फिरणं थांबवलं आणि नव्या माणसांना हे काम शिकवलं. पुन्हा गुरुजी! त्यांच्याच घरातले किशनसिंह पुढे मोठे हेर झाले. एकदा किशनसिंहांना बळेच घोड्यावर बसावं लागलं. तर त्यांनी घोड्याची पावलं मोजली! याला म्हणतात शिकवण.

मानसन्मान

लंडनच्या भूगोल संस्थेने पहिल्या प्रवासाचा अहवाल छापला, तेव्हा त्यात नैनसिंहांचं नाव नव्हतं. नुसतं पंडित असं होतं. नाव छापलं असतं तर त्यांच्या जिवाला धोका होता. नंतर १८७७ साली त्याच संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिलं. सरकारने जमीन इनाम दिली. २००४ साली भारत सरकारने त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं. त्याच वेळी एव्हरेस्टचं गणित करणारे राधानाथ सिकदार यांचंही तिकीट निघालं.

मिलम गावाचं मात्र वाईट झालं. १९६२ साली चीनशी युद्ध झालं आणि तिबेटचा व्यापार बंद पडला. लोक गाव सोडून खाली गेले. दगडी घरं ओस पडली. ज्या वाटेने नैनसिंह लहानपणी मेंढ्या घेऊन गेले, ती वाट बंद झाली.

मला काय वाटलं

हे चरित्र लिहिताना मला एक प्रश्न पडला. गुरुजी आपल्याला सांगतात की खोटं बोलू नये. मग हे गुरुजी कसे खोटं बोलले? त्यांनी खोटं नाव सांगितलं, खोटा वेष घेतला, लिहून दिलेलं मोडलं. आणि हे कुणासाठी? तर इंग्रज सरकारसाठी. १९०४ साली इंग्रजांचं सैन्य खरोखरच ल्हासाला गेलं. त्यात पुष्कळ तिबेटी माणसं मेली. तिथल्या लोकांना जी भीती होती ती खरी ठरली. त्या लहान पंचेन लामाने नैनसिंहांना चहा दिला होता. ते सगळं आठवून मला वाईट वाटलं.

मी आमच्या आबांना विचारलं. आबा म्हणाले की माणसाला पोटासाठी सरकारचं काम करावं लागतं, पण काम कसं केलं ते बघावं. आमच्या गुरुजींचं म्हणणं पडलं की नकाशा म्हणजे विळ्यासारखा असतो. त्याने भाजीही चिरते आणि हातही कापतो. धरणारा कोण ते महत्त्वाचं. माझ्या आईला विचारलं, तर तिने विचारलं की तो माणूस एवढे महिने गेला तेव्हा घरी चूल कोण सांभाळत होतं? तेही खरंच आहे. त्या बाईचा फोटो कुठल्याच तिकिटावर नाही.

मला वाटतं, दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सैन्य गेलं ते वाईट झालं. पण नैनसिंहांनी वहीत एकही आकडा मनाने लिहिला नाही. एकटा माणूस, बघणारं कुणी नाही, पाय सुजलेले. दहा-वीस मैल अंदाजाने लिहिले असते तर कुणाला कळलं असतं? तरी त्यांनी नावेत न बसता पावलंच मोजली. आज आपण त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा एकच नदी म्हणून भूगोलात शिकतो. तिच्या काठाने मोजत मोजत आधी एका खेड्यातल्या गुरुजींचे पाय गेले होते.

मित्रांनो, आपणही शाळेत रोज चालतच येतो. उद्या येताना तुमची पावलं मोजा आणि आकडा इथे खाली कोऱ्या कागदावर लिहा. पालकांनीही लिहिला तरी चालेल. पण खराच आकडा लिहायचा, अंदाजाने नाही. सगळ्यांचे आकडे आले की गुरुजी आपल्या गावाचा नकाशा काढून देणार आहेत. तो पुढच्या महिन्यात याच भिंतीवर लागेल.

इयत्ता चौथीचा विद्यार्थी